वस्तीच्या राखणीस कुत्रा कोणता : कारवानी की जर्मन शेफर्ड?

गावठाण सोडून स्वतःच्या रानात घर बांधून राहणाऱ्या कुटुंबास राखणीच्या कुत्र्याची गरज किती असते, हे निराळे सांगावयास नको. विहिरीवरील मोटार, गोठ्यातील जनावरे, पडवीतील धान्याची पोती, या सर्वांची रात्रीची जबाबदारी बहुधा त्या मुक्या प्राण्यावरच पडते. तथापि बैल घेताना चार बाजार हिंडून, दात पाहून, चालवून पारख करणारा शेतकरी कुत्र्याच्या बाबतीत मात्र नुसत्या नावावर भुलतो, असा अनुभव येतो. तालुक्याच्या गावीही जर्मन शेफर्डची पिले मिळू लागल्यापासून ‘आपला कारवानी बरा, की हा बरा?’ असा प्रश्न मेळाव्यांतून वारंवार विचारला जातो. आमच्या मते कोरडवाहू मुलखातील बहुतेक वस्त्यांस कारवानीच अधिक हितावह होय. असे का, ते पाहू.

दोन्ही जाती माणसाने घडविल्या त्या निरनिराळ्या कामांसाठी. जर्मन शेफर्डची रीतसर पैदास 1899 साली माक्स फॉन श्टेफानिट्स या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने सुरू केली. कुंपण नसलेल्या शेतांमधून मेंढ्या चारताना त्यांनी पिकात तोंड घालू नये म्हणून कडेने सतत फेऱ्या मारणे आणि धन्याच्या खुणेसरशी वळणे, हे त्याच्या पूर्वजांचे काम होते. कारवानीचे तसे नाही. लातूरकडे ज्यास कारवानी म्हणतात आणि बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या नावाने जो सर्वत्र ओळखला जातो, तो नजरेने सावज हेरून वेगाने पाठलाग करणारा शिकारी कुत्रा होय. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली. 2005 साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीटही काढले. धावताना तो धन्याकडे वळून पाहत नाही. काय करावयाचे ते स्वतःच ठरवितो. एक जात हुकूम ऐकण्यासाठी घडली, दुसरी स्वतःच्या डोळ्यांवर विसंबण्यासाठी, हा भेद ध्यानी ठेवला म्हणजे पुढील पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

प्रथम हवामान. जर्मन शेफर्डच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतील थर लोकरीसारखा दाट असतो. कुत्र्यास माणसासारखा सर्वांगास घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंगातील उष्णता बाहेर टाकतो. सोलापूर, लातूर, बीड या भागांत वैशाखात पारा 40 अंशांच्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडखाली साखळीने बांधलेल्या अशा जनावराचे काय हाल होत असतील, याची कल्पना करावी. कारवानीचे केस आखूड, अंग सडपातळ, चरबी थोडी. त्यास हे ऊन पुष्कळ सोसवते. मात्र त्याच कारणास्तव पौषातील थंडी त्यास बाधते, तेव्हा निजण्यास आडोसा व गोणपाट अवश्य द्यावे.

खर्चाचेही तसेच. पूर्ण वाढीचा जर्मन शेफर्ड नर 30 ते 40 किलो वजनाचा असतो. त्या मानाने कारवानी बराच हलका. केवळ भाकरी-ताकावर दोघांपैकी कोणाचेच पोषण होत नाही. अंडी, मांस अथवा मासळी काही प्रमाणात हवीच. परंतु रोज लागणाऱ्या खुराकातील हा फरक वर्षाअखेरीस लहान कुटुंबास जाणवल्यावाचून राहत नाही. शिवाय जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष पुष्कळ आढळतो आणि असे जनावर पुढे मागल्या पायांनी अधू होते.

याहूनही महत्त्वाचा प्रश्न, कुत्र्यास सांभाळणार कोण? पुष्कळदा असे घडते की शहरात नोकरीस असलेला मुलगा हौसेने जर्मन शेफर्डचे पिलू आणतो, आठ दिवस त्याच्याशी खेळतो आणि वृद्ध आईवडिलांच्या हवाली करून परत जातो. या जातीस रोज फिरविणारा व शिकविणारा माणूस लागतो. तो न मिळाल्यास तिची हुशारी वांड होते. एवढे थोर जनावर म्हातारीच्या हातून आवरत नाही. मग ते कायमचे साखळीस बांधले जाते, चिडखोर बनते आणि एके दिवशी दूध न्यावयास आलेल्या शेजारच्या पोरास चावते. नित्य बांधून ठेवलेल्या कुत्र्यास मोकळे फिरवून आणण्याची हयगय करणे हा 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हाही आहे. घरी राहणारा धडधाकट माणूस त्यास रोज तासभर देणार असेल, तर मात्र जर्मन शेफर्डसारखा आज्ञाधारक राखणदार मिळणे कठीण, हेही मान्य केले पाहिजे.

कारवानी निर्दोष आहे असा याचा अर्थ नव्हे. पळणारी वस्तू दिसली की तो मागे लागतो, मग ती शेजाऱ्याची कोंबडी असो वा करडू. कुक्कुटपालन करणाऱ्याने आवार जाळीने बंदिस्त केल्यावाचून तो पाळू नये. सशाच्या शिकारीस त्यास नेणे वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. मारझोड केल्यास तो बुजरा होतो व मग राखणीस निरुपयोगी ठरतो.

जुन्नर, शिरूर, अकोले या ऊसपट्ट्यांत बिबट्याचा वावर आहे. तेथे कोणतीही जात रात्री उसाच्या कडेला बांधून ठेवणे म्हणजे बिबट्यास आमंत्रण देणेच होय. कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य. रात्री त्यास दारापाशी, पक्क्या जाळीच्या आत ठेवावे. त्याच्या भुंकण्याचा उपयोग तेथूनही होतो.

कारवानीचे पिलू घ्यावयाचे तर ते लातूरकडील वा मुधोळ परिसरातील पैदासकाराकडे जाऊन, आई व शक्य तर बापही प्रत्यक्ष पाहून घ्यावे. इतर जातींशी संकर झालेली पिलेही याच नावाने विकली जातात. पिलू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. तीन महिन्यांचे होताच पिसाळ रोगाची लस टोचावी व पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने दर वर्षी टोचीत जावे. कारवानीवर शस्त्रक्रियेचा प्रसंग आल्यास त्याची जात डॉक्टरांस आधी सांगावी, कारण अशा सडपातळ शिकारी जाती काही गुंगीच्या औषधांतून फार उशिरा शुद्धीवर येतात.