वानर तापीच्या कोणत्या तीरावरचा?

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांमध्ये वाचकांची एकच तक्रार आहे. जखमी किंवा उपद्रवी म्हणून वानर पकडला, उपचार झाले, पंचनामा झाला आणि सोडायची वेळ आली तेव्हा गाडी ज्या बाजूला निघाली होती त्या बाजूच्या जंगलात त्याला सोडून दिले. महुवा-बारडोलीकडचा नर तापी ओलांडून उमरपाड्यात, उमरपाड्याकडचा डांगात. कागदावर काय? ‘माकड, नग एक. नैसर्गिक अधिवासात मुक्त.’ फाइल बंद.

फॉर्ममध्ये वाहनाचा क्रमांक, किलोमीटर, पिंजऱ्याचे माप, सगळे विचारतात. पकडल्याच्या ठिकाणापुढे मात्र फक्त तालुका. ‘सुरत शहर’ लिहिले की प्राणी रांदेरचा की उधन्याचा, हे कायमचे पुसले जाते. याबद्दल विचारले तर वन कार्यालयातून उत्तर येते, ‘वानर तो वानर, त्यात काय तीर बघायचा?’

तीरच बघायचा असतो. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संचालक राहिलेले रूनवाल यांनी शेपटीच्या ठेवणीवरून वानरांचे दोन गट केले. उत्तरेकडचे चालताना शेपूट पाठीवरून डोक्याकडे वळवतात, दक्षिणेकडचे मागच्या बाजूला टाकतात. या दोघांमधली रेषा ढोबळमानाने तापी-गोदावरीची, म्हणजे आपल्याच दारातली. पुढे कॉलिन ग्रोव्ह्ज यांनी 2001 मध्ये हनुमान वानराच्या सात प्रजाती केल्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी डीएनए तपासून त्यांतली डुसुमिएरी ही वेगळी प्रजाती धरू नये, असे मांडले. द्वीपकल्पात त्यांनी एंटेलस, हायपोल्यूकोस आणि प्रायम या तीनच ठेवल्या. असे प्रश्न सुटतात ते सीमेवरच्या टोळ्या पाहून, आणि सीमेवरच्याच टोळ्यांची आपण सरमिसळ करत आहोत.

‘वानर काही संपत आलेले नाहीत’ हा युक्तिवाद मी सभांमध्ये अनेकदा ऐकला आहे. हिमाचलातल्या चंब्याचा वानर जोवर सरसकट एंटेलसमध्ये मोजला जात होता, तोवर त्याचीही कोणाला काळजी नव्हती. वेगळा मोजल्यावर तो संकटग्रस्त निघाला. टोपी माकडाचेही पाहा. पश्चिमेकडे त्याची उत्तर सीमा तापीच धरली जात असे. उत्तरेकडून लाल तोंडाचे माकड त्याच्या मुलखात सरकत आले आणि आज टोपी माकड असुरक्षित प्रजातींच्या यादीत आहे. या सरकण्याला माणसांनी पकडून दूर नेऊन सोडलेल्या माकडांचा हातभार लागला आहे.

डिसेंबर 2021 मध्ये बीडच्या माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात कुत्र्यांची पिल्ले उचलून नेणारे दोन वानर पकडले गेले. देशभर बातम्या झाल्या. ते नागपूरकडच्या जंगलात सोडणार, असे तेव्हा सांगण्यात आले. गोदावरीच्या दक्षिणेचा प्राणी थेट नागपूरकडे! बातम्यांचा सगळा भर कुत्र्यांवर राहिला, हा प्रश्न ऐरणीवर आलाच नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम 12 मध्ये स्थलांतरासाठी ‘योग्य’ पर्यायी अधिवास असा शब्द आहे. तो योग्य कशावरून, हे एका तरी पंचनाम्यात लिहिलेले कोणी दाखवावे.

शिवाय टोळीतला नर उचलला की मागे काय होते, हे आपल्या क्षेत्रात कोणाला सांगावे लागू नये. बाहेरचा नर टोळी ताब्यात घेतो आणि दुधावरची पिल्ले मारली जातात. धारवाड, अबू, जोधपूर इथल्या अभ्यासांतून हे अर्धशतकापूर्वीच नोंदले गेले आहे. एका ‘उपद्रवी’ नराच्या बदल्यात किती पिल्ले गेली, याला कोणत्याच फॉर्ममध्ये रकाना नाही.

आता आपल्या सभासदांबद्दल. पिंजऱ्यात बसलेल्या वानराची शेपूट काहीच सांगत नाही; ती जाळीतून खाली लोंबत असते. विजेचा धक्का बसलेल्या जनावराची तर पुष्कळदा जळालेलीच असते. शेपटीची ठेवण दिसते ती चार पायांवर, मोकळ्या जागी, आपल्या चालीने चालताना. म्हणून चित्रण पिंजरा लावण्याआधी करायचे, तेही बाजूने, शेपटीच्या मुळापासून टोकापर्यंत. होते काय? पिंजऱ्याशेजारी उभे राहून स्वतःचे रील निघते, ते हजारो लोक पाहतात, आणि नोंदवही कोरी राहते. त्यात भर म्हणून पाव आणि बिस्किटे. पाने पचवण्यासाठी कप्पे असलेल्या, जिवाणूंच्या जोरावर चालणाऱ्या पोटात मैदा-साखर गेली की आम्ल वाढते आणि वाचवलेला प्राणी आपल्याच हातून दगावतो. इतकी वर्षे काम करणाऱ्यांनी हे करावे, याचा मला संताप येतो.

पुढच्या अंकाच्या शेवटच्या पानावर आम्ही नोंदीचा नमुना छापत आहोत. कार्यालयाचा फॉर्म बदलेल तेव्हा बदलेल, तोवर याची प्रत पंचनाम्याला जोडा. पकडल्याची नेमकी जागा आणि तापीचा तीर, चालतानाचे चित्रण, हातापायांच्या आणि कोपरापर्यंतच्या रंगाचे छायाचित्र, टोळीत मागे उरलेल्या पिल्लांची संख्या आणि सोडल्याची नेमकी जागा, एवढे त्यात भरायचे आहे. केस किंवा रक्ताचा नमुना परवानगीशिवाय कोणी घेऊ नये. आणि ‘गाडी तिकडेच चालली आहे’ असे कोणी म्हणाले तर त्या कागदावर सही करू नका. प्राणी ज्या तीरावरचा, त्याच तीरावर, शक्यतो त्याच्या टोळीच्या हद्दीत सोडण्याची लेखी मागणी करा आणि तिची पोच घ्या. नंदुरबार-धुळ्याच्या वाचकांनीही हे आजपासूनच सुरू करावे.