महिन्यातली एक गैरहजेरी

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडया भरतात. धान कापणीला आलेलं असतं, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि रात्रीचं नाटक पहाटेपर्यंत चालतं. या गडबडीत हा अंक चाळणाऱ्यांत शिक्षक बरेच असतात. यंदा त्यांच्याशीच बोलायचं आहे.

हजेरीपटावर एखादं मूल महिन्यातून एकदा हटकून गैरहजर दिसतं. सावलीहून गडचिरोलीची एसटी धरून ते आजीबरोबर सरकारी दवाखान्यातल्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, गेलेलं असू शकतं. आपला जिल्हा चंद्रपूर, पण गडचिरोली जवळ पडतं. शिवाय तिकडे ओळखीचं कुणी भेटण्याची धास्ती कमी. गोळ्यांची बाटली पेटीत खुळखुळते, म्हणून आजी तिच्यात कापूस कोंबते. वसतिगृहात रोज ठरल्या वेळी एक गोळी घ्यायची आणि कुणी 'कायची रे?' म्हटलं की 'ताकदीची' म्हणायचं. पुष्कळदा घरच्यांनी त्यालाही तेवढंच सांगितलेलं असतं.

एप्रिल २००४ पासून सरकार ही औषधं मोफत देऊ लागलं. त्याआधी जन्मतः एचआयव्ही असलेलं मूल दहावीपर्यंत पोचणंच कठीण होतं. आता पोचतं, म्हणून तर हा प्रश्न शाळेच्या दारात आला. एका डब्यात जेवून किंवा एका बाकावर बसून हा विषाणू कधीच पसरत नव्हता. नियमित औषधाने तो रक्तात चाचणीलाही सापडेनासा होतो. पण चौदा-पंधराव्या वर्षी पोट्टे गोळी चुकवू लागतात. कंटाळा, राग, आणि कुणी पाहील ही भीती. गोळ्या चुकत गेल्या की औषध लागू पडेनासं होतं. वर्गातली कुजबुज अशी थेट रक्तात उतरते.

२००९ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात 'सेवालय' या एचआयव्हीबाधित मुलांच्या निवासातली मुलं गावच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा पालकांनी आपली मुलं घरी ठेवली. आज तसं उघडपणे करणं अवघड आहे. २०१७ चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, प्रवेशासाठी तपासणी मागता येत नाही. आम्हाला धास्ती वाटते ती कनवाळू शिक्षकाची. तो आस्थेने खोदून विचारतो, मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये 'बिचारा' म्हणतो, आणि संध्याकाळी गावाला कळलेलं असतं.

आनंदवन आपल्याच जिल्ह्यातलं, वरोऱ्याचं. त्याचा अभिमान आहेच; पण महारोग्यांसाठी वेगळं गाव वसवावं लागलं, हेही त्यात आलं. या मुलांना वर्गातली आपली जागा पुरे. कोण, कशासाठी गेला होता, याची चौकशी न करता रजा मिळावी. शरीराबद्दल, लैंगिकतेबद्दल बोलायचं तर सगळ्या वर्गाशी बोलावं, गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान' शिबिरांतून ते किती सहज करता येतं हे दाखवलंय.

वर सांगितलेल्या एचआयव्ही कायद्यातच एक कलम आहे, फारसं कुणी वाचलेलं नाही. एचआयव्हीने विस्कटलेल्या घरातलं बारा ते अठरा वर्षांचं समजूतदार भावंड धाकट्याच्या शाळाप्रवेशासाठी पालक म्हणून उभं राहू शकतं. तेव्हा एखादी नववीतली ताई भावाचा फॉर्म घेऊन टेबलासमोर आली, तर 'घरच्या मोठ्या माणसाला पाठव' म्हणून तिला परत धाडू नका. त्या दिवशी तिचीही शाळा बुडालेली असते.