काळीवर पांढरी वसवू नका

पावसाळा तोंडावर आला की नदीकाठच्या आपल्या शहरांत दोन गोष्टी ठरल्याप्रमाणे घडतात. नाल्यांतील गाळ उपसण्याच्या निविदा निघतात, आणि धरणांतून पाणी केव्हा व किती सोडावे यावर वाद सुरू होतो. पश्चिम महाराष्ट्राने २००५, २०१९ आणि २०२१ या तीन साली जे भोगले, त्यानंतर असा वाद व्हावा हे स्वाभाविकच आहे. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या घरात गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. २०२४ च्या जुलैत पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या वसाहतींत मुठेचे पाणी शिरले. प्रत्येक वेळी पाणी किती चढले हे आपण मोजले. ते ज्या जमिनीवर चढले ती जमीन कोणत्या मातीची आहे, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. आज आम्ही पहिल्या पानावर जागा अडवीत आहोत ती या न विचारलेल्या प्रश्नासाठी.

आमच्या पूर्वजांनी तो विचारला होता, एवढेच नव्हे तर त्याचे उत्तर भाषेतच नोंदवून ठेवले होते. मराठी मुलखातील गावाचे दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. जुन्या कागदपत्रांत हे शब्द जोडीनेच येतात. काळीत पेरावे आणि पांढरीवर राहावे, हा त्या जोडीचा सरळ अर्थ. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात घोड नदीकाठी इनामगाव येथे जे उत्खनन केले, त्यात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. तेथे दगडमातीचा मोठा बांध व पाण्याचा कालवाही सापडला. पुराचे पाणी वळवून ते शेतीच्या कामी आणण्याची ती व्यवस्था असावी, असे संशोधकांनी मानले आहे. पांढरीवर कधी पाणी चढलेच नाही, असा आमचा दावा नाही. परंतु काळी व पांढरी यांतील भेद ओळखण्याचा शहाणपणा त्या काळीही होता, आणि तो आज शिकल्यासवरलेल्या शहरांतून नाहीसा होत आहे, ही वस्तुस्थिती आहे.

हा भेद केवळ रंगाचा नाही. नदी पुराच्या वेळी पात्र सोडून बाहेर पडते तेव्हा तिचा वेग एकदम मंदावतो आणि तिने वाहून आणलेले ओझे खाली बसू लागते. जड कण आधी, हलके मागून. बारीक वाळूचा कण मीटरभर खोल पाण्यातून दोन-तीन मिनिटांत तळ गाठतो. उलट, चिकणमातीचा कण, ज्याचा व्यास एक मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून अधिक नसतो, तेवढेच अंतर उतरावयास स्थिर पाण्यातही सुमारे तीन दिवस घेतो. म्हणून पात्रालगत वाळू व पोयटा साचून काठाची थड उंच होते, आणि तिच्या पलीकडे, जेथे पुराचे पाणी दिवसचे दिवस निश्चल उभे राहते त्या सखल पट्ट्यात, चिकणमातीचे थर शतकानुशतके चढत जातात. तेव्हा नदीकाठच्या एखाद्या सखल जागी खोलवर चिकणमाती लागते, याचा अर्थ बहुधा हा की त्या जागी पाणी येऊन थांबत आलेले आहे. नदीने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेली पूररेषा ती हीच, आणि कोणत्याही नकाशाहून ती जुनी आहे.

आपल्याकडे या मातीस आणखी एक स्वभाव लाभला आहे. दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण झिजून जी माती होते, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट या वर्गातील खनिजाचे प्रमाण मोठे असते. या खनिजाचे कण पोथीच्या सुट्या पानांसारखे एकावर एक रचलेले असून पाणी त्या पानांच्या मध्ये शिरते. त्यामुळे माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. वैशाखात काळ्या रानात पडणाऱ्या भेगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्या हातभर, क्वचित त्याहूनही खोल जातात. वरची भुसभुशीत माती त्यांत पडते, पावसाने भेगा मिटतात आणि खालची माती वर ढकलली जाते. काळी जमीन आपली नांगरट आपणच करते असे म्हणतात ते याचमुळे. ती पाणी धरून ठेवते, म्हणून पावसाळा सरल्यावरही रब्बीची शाळू केवळ साठलेल्या ओलीवर पिकते. वाफसा हा शब्द या मातीनेच शेतकऱ्याच्या तोंडी रुळवला आहे. वाफसा नसताना औत घातले तर ओल्या जमिनीत ते रुतते व सुक्या जमिनीत ढेकळे निघतात. मधले चार दिवस साधणारा तोच खरा जाणता.

जो गुण पिकास तारक, तोच घरास मारक ठरतो. जी माती वर्षातून एकदा फुगते आणि एकदा आकसते, तिच्यावर उथळ पाया घातलेले हलके घर पावसाळ्यात उचलले जाते व उन्हाळ्यात खचते. तेही सर्वत्र सारखे नव्हे, तर एक कोपरा अधिक, एक कमी. दारे चौकटीत अडकू लागतात, भिंतींना तिरप्या चिरा पडतात, जमिनीखालचे नळ सांध्यांत निखळतात. जड इमारतीची कथा निराळी. ओल्या चिकणमातीवर भार पडला की तिच्यातील पाणी हळूहळू पिळून निघते आणि माती दबते. पण या मातीतून पाणी इतक्या संथपणे सरकते की हे दबणे वर्षानुवर्षे चालू राहते. इटलीत आर्नो नदीच्या मैदानात पिसाचा मनोरा ११७३ साली उभारावयास घेतला आणि थोडे मजले चढताच तो कलू लागला, याचे कारण त्याच्या पायाखालची मऊ चिकणमाती. पुढे सुमारे शंभर वर्षे काम बंद राहिले व त्या अवधीत माती दबून घट्ट झाली, म्हणून तो मनोरा आज उभा तरी आहे. आपल्या गृहनिर्माण संस्थांना शंभर वर्षे थांबण्याची सवड कोण देणार?

एक गैरसमजही येथे दूर केला पाहिजे. नदीकाठची मोकळी जमीन पुराचे पाणी पिऊन घेते, असे सरसकट म्हटले जाते. पहिल्या पावसाचे पाणी भेगांतून खाली उतरते हे खरे. परंतु माती फुगून भेगा मिटल्या की तीच जमीन झाकणासारखी बनते. पुराच्या ऐन वेळी काळ्या मैदानाचा उपयोग पाणी शोषण्यासाठी नसून पाण्याला पसरावयास जागा देण्यासाठी असतो. ही जागा म्हणजे हिशेबाची गोष्ट आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मीटर उंचीचा भराव घातला की एक कोटी लिटर पाण्याची जागा गेली. ते पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या वस्तीत, समोरच्या काठावर किंवा वरच्या अंगाच्या गावात जाते. आणि तेथेही जमीन चिकणमातीचीच असल्यामुळे गेले की लवकर हटत नाही.

आता आपला कायदा काय म्हणतो ते पाहावे. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल रेषा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने या दोन रेषांमधील पट्टा नियंत्रित ठरविला आहे. पण लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट, उंचीवर बांधकामास तेथे परवानगी मिळू शकते. कागदावर ही तरतूद समंजस दिसते. परंतु ती केवळ एकाच घराचा आणि केवळ पाण्याच्या उंचीचा विचार करते. ही उंची खांबांवर गाठली की भरावाने, याने नदीच्या जागेत केवढा फरक पडतो हे ती पाहत नाही. भराव स्वस्त पडतो, म्हणून भराव घातला जातो. एका घराचा दीड फूट वाचतो आणि दुसऱ्याच्या घरात दोन फूट पाणी चढते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, त्यातलाच हा प्रकार नव्हे काय?

यावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला स्थापत्यशास्त्राचा. काळ्या मातीत तळाशी फुगीर केलेले खांब पुरून इमारत सुरक्षित उभारण्याची पद्धत रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केली, तिला अनेक दशके झाली. मुंबईच्या आय. आय. टी. तील प्राध्यापक कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकण मातीचा थर मध्ये घालून फुगणाऱ्या जमिनीवरील कालवे टिकविण्याचा मार्ग दाखविला. या विद्येचा आम्हांस अभिमान आहे. परंतु ती इमारत वाचवते, नदीची जागा परत देत नाही. शिवाय इमारतीपर्यंतचा रस्ता, गटार, कुंपणाची भिंत आणि शेजारच्या गरिबाची खोली यांच्यासाठी असे खांब कोणी पुरीत नाही.

दुसरा आक्षेप न्यायाचा. शहर वाढते आहे, घरे हवी आहेत, आणि ज्याची वडिलोपार्जित जमीन दोन रेषांच्या मध्ये सापडली त्याने कोणते पाप केले? या प्रश्नाकडे पाठ फिरविणे अन्यायाचे होईल. नदीसाठी जागा राखण्याचा लाभ साऱ्या शहरास होतो. तर त्याची किंमत एकट्या जमीनमालकाने का द्यावी? रस्त्यासाठी जमीन घेताना आपण विकासहक्क अन्यत्र वापरू देतो. तोच न्याय पूरमैदानास लावता येईल, आणि लावला पाहिजे.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. दोन रेषांमधील पट्ट्यात भरावास परवानगी देऊ नये. अपवाद करावयाचाच तर त्याच परिसरात, त्याच पातळीवर तेवढीच माती उचलून नदीची जागा भरून द्यावी. तेथील प्रत्येक परवानगीपूर्वी मातीची तपासणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष महापालिकेने जनतेस खुले करावेत. घर घेणाऱ्यास आपल्या पायाखाली काय आहे हे जाणण्याचा हक्क आहे. राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. नदीकाठच्या शहरांचे सविस्तर मृदानकाशे करण्याचे काम राज्याने तिच्या साहाय्याने हाती घ्यावे. जी गरीब वस्ती आज निळ्या रेषेच्या आत आहे, तिला आधी पर्यायी घर व मगच स्थलांतराची नोटीस, हा क्रम कोणत्याही सबबीखाली उलटू नये. आणि उरलेली काळी रोपवाटिका, मैदाने, गायराने व शेती यांसाठी राखावी. अतिपाण्याने कृष्णाकाठची कितीतरी काळी आधीच क्षारपड झाली आहे. शिरोळ भागातील शेतकरी जमिनीखाली सच्छिद्र नळ टाकून तिला पुन्हा वाफशावर आणीत आहेत. खेड्यातला माणूस बिघडलेली काळी सुधारण्यासाठी खर्च करतो आणि शहरातला माणूस चांगली काळी भरावाखाली गाडतो, ही विसंगती शोभणारी नाही.

नृसिंहवाडीस कृष्णेचे पाणी दर पावसाळ्यात मंदिरात येते. उत्सवमूर्ती वर नेली जाते, पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, आणि लोक त्यास आपत्ती न मानता दक्षिणद्वार सोहळा मानतात. नदीला आत येण्यास एक दार आणि बाहेर जाण्यास दुसरे दार ठेवलेले असते, एवढेच त्यातील मर्म. आमच्या शहरांनी नदीसाठी अशी वाट राखली आहे की नाही, याचा झाडा आभाळ फाटण्यापूर्वी घ्यावयाचा की नंतर, हे लोकप्रतिनिधींनी येत्या सभेतच ठरवावे.