ग्रंथालयाचा तास कोणाच्या नावावर?

शाळेत ग्रंथपाल होणाऱ्याने आधी काही वर्षे वर्गात शिकवलेले असावे, अशी अट घालावी का? वाचनाची मनापासून काळजी करणारी माणसे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना आहेत. दिवाळी अंकाला त्यापासून अंग काढून घेता येणार नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा वाचकांच्या बळावर टिकली आहे आणि वाचक बहुधा शाळेच्या वयातच घडतो.

अटीच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या हाती मोठा दाखला आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. 1924 मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा त्या कामात त्यांचे मन रमेना. पुन्हा शिकवायला जाऊ द्या, अशी त्यांची मागणी होती. पुढे लंडनला शिकायला गेल्यावर तिथली ग्रंथालये वाचकांसाठी काय काय करतात हे त्यांनी पाहिले आणि त्यांचे आयुष्य बदलले. 1931 मध्ये आलेल्या त्यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत पुस्तकाइतकाच वाचक महत्त्वाचा आहे. त्यात वर्गातल्या अनुभवाचा वाटा असणार, असे मला वाटते. पण मनात येते, ही नवी अट त्या काळी असती तर ती पार करूनही ते टिकले नसते. त्यांना ग्रंथपाल केले ते ग्रंथालयाच्या शिक्षणाने.

अटीच्या बाजूने परदेशांचे दाखलेही दिले जातात. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने शालेय ग्रंथपालाच्या प्रमाणपत्रासाठी पदव्युत्तर पदवीबरोबर दोन वर्षांच्या वर्गाध्यापनाची अट घातली. ऑस्ट्रेलियात ‘टीचर लायब्रेरियन’ म्हणवून घ्यायला शिक्षणशास्त्र आणि ग्रंथालयशास्त्र, दोन्हींची पात्रता लागते. हे दाखले देताना एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. टेक्सासमध्ये राज्याच्या किमान वेतनश्रेणीत ग्रंथपाल शिक्षकांच्याच रांगेत बसतो. तिथे अट आहे, तसा मानही आहे.

आपल्याकडे काय आहे? शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे, वर्तमानपत्रे, मासिके, गोष्टीची पुस्तके हवीत, असे लिहिले आहे. ते सांभाळणाऱ्या माणसाचा उल्लेख नाही. महाराष्ट्राच्या आकृतिबंधात माध्यमिक शाळेचा ग्रंथपाल लिपिक आणि प्रयोगशाळा सहायकांबरोबर शिक्षकेतर गटात मोजला जातो. पद मिळते ते पटसंख्येवर. लहान शाळांत ग्रंथालयाच्या किल्ल्या एखाद्या भाषाशिक्षकाच्या ड्रॉवरमध्ये असतात. ग्रंथपाल असला तरी तो शिष्यवृत्तीचे अर्ज भरतो, पाठ्यपुस्तके वाटतो, शिक्षक रजेवर असले की ऑफ तासाला वर्ग शांत ठेवायला जातो. शिवाय पुस्तक हरवले तर तपासणीत जाब त्यालाच द्यावा लागतो. हरवलेली, फाटलेली पुस्तके नोंदीतून कमी करण्याचे, म्हणजे निर्लेखनाचे, प्रस्ताव वर्षानुवर्षे पडून राहतात. मग कपाटाला कुलूप घालण्याचा मोह होतो. त्या कुलपाचा दोष एकट्या ग्रंथपालाला देणे अन्यायाचे आहे.

अशा स्थितीत शिकवण्याच्या अनुभवाची सक्ती आली तर काय होईल? ज्याला शिक्षकाची नोकरी आणि वेतन मिळाले आहे, तो शिक्षकेतर पदावर का येईल? बी.लिब. झालेली, मुलांत रमणारी तरुण मुले-मुली दारातच अडतील. रिकाम्या जागा रिकाम्याच राहतील, किंवा एखाद्या अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाची सोय लावायला वापरल्या जातील. म्हणून ही अट नको, असे मी स्पष्टपणे म्हणतो.

पण अटीमागची तळमळ खरी आहे, ती सोडून चालणार नाही. आठवीत असूनही चौथीच्या पुस्तकावर अडखळणारा मुलगा ओळखायचा कसा? चारचौघांत त्याची लाज न काढता त्याच्या हाती बारीकसे, मोठ्या टायपातले, तरीही त्याच्या वयाला शोभेल असे पुस्तक द्यायचे कसे? पन्नास मुलांचा तास पुस्तकांच्या नादी लावायचा कसा? वर्गीकरण आणि तालिकीकरण शिकून हे येत नाही. उलट, वर्गात वर्षे काढलेल्या प्रत्येकाला ते येते असेही नाही. वाचून झाल्या झाल्या सारांश लिहायला लावणारे हात वाचनाची गोडी घालवतात. हे काम मुलांसोबत बसूनच शिकता येते. म्हणून ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात बालसाहित्य असावे आणि काही आठवडे शाळेत मुलांबरोबर प्रत्यक्ष कामही असावे. नेमणुकीनंतर ग्रंथपालाला आठवड्यातून एक तास प्रत्येक वर्गाचा मिळावा, वेळापत्रकात त्याच्या नावाने छापलेला. अनुभव तिथेच येईल, पहिल्याच वर्षात.

यातल्या शेवटच्या गोष्टीला शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरे सत्र सुरू होते, अनेक शाळांत तेव्हा वेळापत्रक नव्याने लावले जाते. मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना आमची विनंती आहे: त्या वेळापत्रकात ग्रंथालयाचा तास ठेवा, तो ग्रंथपालाच्या नावावर करा आणि दुसऱ्या कामासाठी काढून घेऊ नका. पालकांनी पुढच्या सभेत हा तास आहे का, एवढे विचारावे. आणि वाचकहो, हा अंक वाचून झाला की जवळच्या शाळेच्या ग्रंथालयात नेऊन द्या. तिथल्या ग्रंथपालांशी चार शब्द बोला, त्यांना काय हवे आहे ते विचारा.