तिसरं चाक लावलं म्हणजे गुन्हा केला का?

मंडळी, आज थोडं लांब लिहितोय, पण शेवटपर्यंत वाचा. विषय साधा आहे. दुचाकीला जास्तीची चाकं लावून फिरणारी माणसं.

आपल्या जिल्ह्यात ती रोज दिसतात. खामगावच्या बाजारात, मेहकरला, नांदुऱ्याला, कुठंही बघा. कुणाची स्कुटी असते, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना छोटी चाकं. कुणाची जुनी मोटारसायकल असते, मागचं चाक काढून दोन चाकांचा एक्सल बसवलेला, वर लोखंडी पाळणा, त्यात भाजी नाहीतर पाण्याचे जार. आणि सोयाबीनच्या दिवसांत शेतात गेलात तर मोटारसायकलला मागून डवरा जोडून डवरणी चाललेली दिसते.

हे सगळं बनतं कुठं? गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात, नाहीतर घराच्या अंगणात. मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, भंगारातून एक्सल आणायचा, दोन दिवसांत गाडी तयार.

यावर दोन प्रकारची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, "वा, काय डोकं लावलं!" दुसरा म्हणतो, "जप्त करा सगळ्या, जीव घेतील लोकांचा." मला दोन्ही अर्धवट वाटतात, कारण या तिन्ही गाड्या एक नाहीत. एकीवर माणूस पोट भरतो, एकीनं शेती करतो आणि एक गाडी म्हणजे त्या माणसाचे पाय असतात. कायद्याच्या नजरेतही त्या एक नाहीत. आजची पोस्ट मुख्यतः त्या पायांबद्दल आहे.

आधी कायदा सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं दिलेली गाडी आणि आरसी बुकातली नोंद यात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शिक्षा कडक झाली. परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

ही अर्धी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. उरलेली अर्धी कुणी सांगत नाही.

त्याच २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ५२ मध्ये एक दार उघडलं. दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी कुणीही आपल्या मालकीच्या गाडीत बदल करून घेऊ शकतो आणि नंतर आरटीओकडून त्याला मंजुरी घेऊ शकतो. नीट वाचा, 'नंतर'. सरकारनं ठरवलेल्या अटी पाळायच्या आणि गाडी फक्त त्या व्यक्तीनं किंवा तिच्यासाठीच वापरायची, एवढं बंधन. अशा गाडीसाठी लायसन्सचा वेगळा प्रकारही आहे. म्हणजे जी स्कुटी आपण 'जुगाड' म्हणून हसण्यावारी नेतो, तिला कायद्यात नाव आहे, जागा आहे, कागद आहे.

आता मला सांगा, तुमच्या ओळखीच्या किती जणांकडे हा कागद आहे?

मी गेल्या काही महिन्यांत अशा गाडीवाल्यांना भेटेल तिथं हाच प्रश्न विचारला. बहुतेकांना असं काही असतं हेच माहीत नव्हतं. एक जण म्हणाला, "भाऊ, गाडी थांबवली त पोलीसवाले पायाकडं पाह्यतात अन् सोडून देतात. कागदाचं काय करू?" त्याला ती सूट वाटते. मला त्यात धोका दिसतो.

धोका काय, ते समजून घ्या. देव न करो, पण उद्या या गाडीनं कुणाला धडक बसली तर प्रकरण मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात जातं. विमा कंपनी पहिल्यांदा काय बघते? लायसन्स आणि आरसी. लायसन्स त्या प्रकारच्या गाडीचं नसेल, तर जखमीला भरपाई आधी कंपनीनं द्यावी आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करावी, असे आदेश होतात. दयेनं सोडून देणारा पोलीस त्या दिवशी कामाला येत नाही. टेलरिंगच्या दुकानावर घर चालवणारा माणूस ती रक्कम कुठून भरणार? दोन एकर असतील तर तेही जातील.

म्हणून म्हणतो, या माणसांना दया नको, कागद हवा.

"त्यांना सरकार तीनचाकी देतंच की," असं कुणी म्हणेल. देतं. केंद्राच्या योजनेतून कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीच्या बॅटरीवरच्या तीनचाकी सायकली वाटल्या जातात. पण त्या अतितीव्र अपंगत्वासाठी आहेत. माझ्या पिढीतली, म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत असलेली कितीतरी माणसं पोलिओची आहेत. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण ज्यांचा एक पाय लहानपणीच गेला, ते आजही आपल्यात आहेत, कमावते आहेत, पोरं शिकवताहेत. ४०-५० टक्क्यांचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाला ती बॅटरीची सायकल मिळत नाही आणि साध्या दुचाकीवर त्याला तोल धरता येत नाही. त्याच्यासाठी बाजूला चाकं लावलेली स्कुटी हाच मार्ग उरतो.

त्यात आपला जिल्हा असा. घाटाखालच्या संग्रामपूर-जळगाव जामोदच्या माणसाला बुलढाण्याला यायचं तर अख्खा दिवस जातो. एसटीच्या पायऱ्या चढणं त्याला किती जड जातं हे त्यालाच माहीत.

आता दुसरी बाजू. वेल्डिंगवाल्यानं बसवलेलं चाक सुरक्षित असतंच का? नाही. इथं भावनेत वाहून जाऊन चालणार नाही.

दुचाकी वळणावर आतल्या बाजूला झुकते, म्हणून पडत नाही. बाजूला चाकं लावली की ती झुकणं बंद होतं. मग वेगात वळण घेतलं की गाडी बाहेरच्या बाजूला कलंडू पाहते. राजूर घाटात हा प्रयोग करू नये. चाकांमधलं अंतर कमी ठेवलं तर गाडी आणखी लवकर उलटते. बाजूची चाकं शॉकअप न देता कडक वेल्ड केली, तर ब्रेकरवर किंवा खड्ड्यात तीच टेकतात आणि मधलं चाक, ज्याला इंजिनाची ताकद मिळते, ते हवेत राहतं. गाडी जागच्या जागी गुरगुरते. ब्रेकही मधल्याच मागच्या चाकाला असतो, म्हणजे ते उचललं गेलं की मागचा ब्रेकही गेला.

मोटारसायकलचा पूर्ण ट्राइक करायचा तर आणखी भानगडी. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, आतल्याला कमी. त्यासाठी रिक्षासारखा डिफरन्शियल लागतो. सरळ दांड्याला दोन्ही चाकं जाम केली तर वळणावर टायर घासतात आणि गाडी सरळच जाऊ बघते. चिमटा एका चाकासाठी बनलेला असतो, त्याच्यावर दोन चाकांचा आणि पाळण्याचा भार टाकला की वेल्ड तडकतो. गिअर आणि मागचा ब्रेक पायात असतात, ज्याचा पाय चालत नाही त्यानं ते दाबायचे कसे? आणि रिव्हर्स गिअर नाही. आपण दुचाकी पायानं मागे ढकलतो, तो काय करणार?

यातली प्रत्येक गोष्ट तपासता येते आणि सुधारता येते. मोटार वाहन निरीक्षकानं अर्धा तास गाडी बघितली तर निम्म्या चुका तिथंच सापडतील. पण त्यासाठी गाडी त्याच्यासमोर यायला हवी. आज ती लपून फिरते, म्हणून चुकीचं वेल्डिंगही लपून राहतं.

देशात हे नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर दिल्लीत हार्ले-डेव्हिडसनच्या जुन्या मोटारसायकलींना मागे सीट जोडून 'फटफटी' बनल्या आणि १९९८ पर्यंत चालल्या. सौराष्ट्रात बुलेटचं पुढचं धूड ठेवून मागे दोन चाकांची ट्रॉली जोडली, तो 'छकडा'. तिथं हा जुगाड गावात थांबला नाही. राजकोटच्या कारखान्यात रीतसर बनू लागला आणि पुढे अतुल ऑटो मोठी कंपनी झाली. अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी १९९४ मध्ये बुलेटला शेतीची अवजारं जोडली, 'बुलेट सांती'. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशननं त्याला पाठबळ दिलं, पेटंट मिळालं. आपल्याकडची मोटारसायकलवरची डवरणी त्याच वाटेवरची.

आणि महाराष्ट्रात? सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं. ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती थांबवली जाईल, हेही सांगितलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती मिळाली. छान झालं. पण प्रत्येक लोहाराला महिंद्रा भेटत नाही. बाकीच्यांसाठी व्यवस्थाच लागते.

मालवाहू जुगाडाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये सांगितलंय की जुगाड हेही मोटार वाहनच, त्याला नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागतं. त्यात माणसं कोंबून नेणं बंदच व्हायला हवं. पण पर्याय न देता एका रात्रीत बंदीही चालत नाही. पंजाबनं एप्रिल २०२२ मध्ये मोटारसायकल रेहड्यांवर कारवाई काढली आणि गरिबांचा ओरडा झाल्यावर काही दिवसांत माघार घेतली.

दिव्यांगांच्या गाडीचा प्रश्न मात्र इतका अवघड नाही. नवा कायदा नको, मोठा निधी नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४१ मध्ये गाड्यांमध्ये असे बदल करून देण्यासाठी सरकारनं योजना कराव्यात असं लिहिलेलंच आहे. राज्यात डिसेंबर २०२२ पासून वेगळा दिव्यांग कल्याण विभाग आहे. ग्रामपंचायत, नगरपालिकेनं ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा नियम आहे. सगळं आहे, फक्त एका टेबलावर नाही.

म्हणून जिल्हा प्रशासनाकडे चार मागण्या.

एक, लायसन्सचं शिबिर तालुक्याला भरतंच. त्यातला एक दिवस फक्त दिव्यांगांच्या गाड्यांसाठी ठेवा. तपासणी, आरसीत नोंद आणि लायसन्सचा अर्ज एकाच मांडवात.

दोन, ५ टक्के निधीतून चाकं बसवण्याचा खर्च द्या, पण तपासणीत पास झालेल्या गाडीलाच.

तीन, वेल्डिंग आणि फॅब्रिकेशनवाल्यांना आयटीआयमध्ये बोलावून एक दिवस शिकवा. रुंदी किती, शॉकअप कुठं, ब्रेक कसा. हुशार लोक आहेत, एकदा दाखवलं की पुरे.

चार, वाहतूक पोलिसांनी अशी गाडी थांबवली तर दंडही नको आणि नुसतं सोडणंही नको. शिबिराची तारीख लिहिलेला कागद हातात द्या.

तीनचाकी वाटपाचा फोटो पेपरात येतो, त्यात पुढाऱ्यांची डोकी जास्त आणि लाभार्थी एक. या शिबिराचा फोटो तेवढा देखणा येणार नाही. पण तिथून निघालेला माणूस नाक्यावर पोलीस दिसला म्हणून गल्लीत वळणार नाही.

तुमच्या गावात अशी गाडी वापरणारं कुणी असेल, तर एवढंच करा. कलम ५२ बद्दल त्यांना सांगा आणि अर्ज लिहायला सोबत बसा. तालुक्यातून दहा-वीस अर्ज एकदम गेले की शिबिर मागायला माझ्या पोस्टचीही गरज राहणार नाही.