दिल्लीतला कायदा, घरातली सही



मागच्या दिवाळीत मातीचे नमुने घ्यायला एका वस्तीवर गेलो होतो. माहेरी आलेल्या बहिणीपुढे भावाने कागद ठेवला होता. "अक्का, सोसायटीचा कागद आहे, सही कर." अक्काने तो माझ्या हाती दिला. "साहेब, वाचून दाखवा." वाचला, तर ते हक्कसोडपत्र होते! म्हणून आज खत-बियाणे बाजूला ठेवून कायद्याचे बोलू.

२००४ ते २००९ ही चौदाव्या लोकसभेची मुदत. त्या काळात खेड्यातल्या घराला लागू होणारे मोठे कायदे झाले. २००५ साली ग्रामीण कुटुंबाला वर्षात १०० दिवस कामाची हमी देणारा कायदा झाला. आपल्या राज्यात रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीच झाला होता. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला.

पण घरोघरी लागू पडतो तो हिंदू वारसा कायद्यातला बदल. ९ सप्टेंबर २००५ पासून एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला. शेतजमीनही त्यात आली. महाराष्ट्राने असा हक्क १९९४ साली दिला होता, पण तोवर लग्न झालेल्या मुलींना वगळले होते. २००५ च्या कायद्यात ती अट नाही. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असेही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मोडत नाही. आणि हिश्शाबरोबर मिळकतीची जबाबदारीही येते, हे बहिणींनी ध्यानात ठेवावे.

त्याच वर्षी माहितीचा अधिकार आला. सातबाऱ्यावरचे नाव कसे कमी झाले, हे कळत नसेल तर १० रुपये भरून अर्ज करा, फेरफाराच्या कागदांच्या नकला मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

भगिनींनो, हक्क ठेवायचा की सोडायचा, हे तुम्ही ठरवा. पण कागद वाचून घेतल्याशिवाय सही-अंगठा देऊ नका. बंधूंनो, बहिणीला खरे सांगून विचारा. फसवून घेतलेली सही पुढे कोर्टाची पायरी दाखवते.

त्या दिवशी अक्काने सही केली नाही. भाऊ रागावला, वर्षभर बोलला नाही. यंदा मात्र दिवाळीला त्याने मुराळी धाडला. वाटणीचे बोलणे आता दोघे समोरासमोर बसून करत आहेत.