नाव झाकून वाचा

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तके घ्यायला गेलात, की दोन प्रकारची पुस्तके हमखास दिसतात: यशस्वी कसे व्हावे हे सांगणारी आणि विज्ञानकथांची. पहिली उपयोगाची व दुसरी करमणुकीची, असे मोठी माणसे सहसा मानतात. माझे मत निराळे आहे.

अमुक थोर पुरुष पहाटे चारला उठत, म्हणून तुम्हीही उठा, असे यशाच्या पुस्तकात असते. पण घरोघर दूध आणि वर्तमानपत्रे पोचवणारेही रोज पहाटेच उठतात. त्यांच्यावर कोणी असे पुस्तक लिहिले आहे काय? प्रयोगातील सोयीची तेवढी निरीक्षणे वहीत उतरवली, तर तुमचे शिक्षक तो प्रयोग मान्य करतील का? मग पुस्तकालाच ही सवलत कशासाठी? शिवाय, सांगितले तसे वागूनही यश आले नाही, तर मुले स्वतःलाच नालायक समजू लागतात. हे मला फार घातक वाटते.

चांगल्या विज्ञानकथेला अशी सवलत नसते. एखादी कल्पना गृहीत धरली, की पुढे निसर्गनियम पाळावेच लागतात. प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळ घड्याळ सावकाश चालते, हे कथेत वाचताना अद्भुत वाटते. पण ते सत्य आहे. जीपीएस उपग्रहांवर गुरुत्वाकर्षण कमी असते. त्यांच्या वेगाचा उलटा परिणाम वजा करूनही तेथील घड्याळे दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. हा फरक हिशेबात धरला नाही, तर नकाशावरील तुमची जागा किलोमीटरांनी चुकेल. मात्र नुसते यान आणि यंत्रमानव आणून विज्ञानकथा होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते जयंत विष्णु नारळीकर! आद्याक्षरे उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतले होते. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. १९६५ सालीच पद्मभूषण मिळालेल्या या शास्त्रज्ञाला नावावर बक्षीस नको होते; परीक्षा कथेची व्हावी, एवढीच इच्छा होती.

तुम्हीही हीच कसोटी लावा. यशाचे पुस्तक असो वा विज्ञानकथा, मुखपृष्ठावरचे मोठे नाव हाताने झाका आणि विचारा: यात कोणाला वगळले आहे? सांगितलेले कारण खरोखर त्या परिणामाचे आहे का? उत्तर पटले, तर पुस्तक जरूर विकत घ्या.